एकेरी गल्ल्यांचा नकाशा

नकाशेवाल्याचा राग असा, की त्याच्या टेबलावरचा फोन वाजला तरी शेजारचे दचकत. शहरातल्या एकेरी रस्त्यांचा नकाशा त्याने एकट्याने संगणकात उतरवला होता. त्यात चूक काढणारा अजून जन्माला यायचाय, हे तो दिवसातून तीनदा ऐकवायचा. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने एकदा विचारलं, बाणांच्या दिशा तपासून बघू का. तिला त्याने असं काही झापलं, की बिचारीने आठवडाभर मान वर केली नाही.

पुढे इस्पितळाची गाडी याच नकाशावर धावू लागली. आणि त्या सकाळी तिने न्यायचा पेशंट होता खुद्द नकाशेवाल्याचा बाप. मोतीबिंदूचं ऑपरेशन, वेळ नऊची. चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि म्हाताऱ्याला तर आता ताटातली भाजीसुद्धा दिसेनाशी झालेली.

साडेआठ झाले तरी दारात गाडीचा पत्ता नाही. नकाशेवाल्याने ड्रायव्हरला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं. "साहेब, चौथी फेरी मारतोय. तुमचं छप्परसुद्धा दिसतंय इथून. पण नकाशा म्हणतो, आत यायला रस्ताच नाही."

"मग घुसव की गाडी!"

"नकाशा सोडला तर नोकरी जाईल, हे तुम्हीच लेखी दिलंय."

मग नकाशेवाल्याने ऑफिसात फोन करून तिथेही आग ओकली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने नकाशा उघडला आणि त्याच्या घराभोवतीचा एकेक बाण तपासला.

"साहेब, रेघ जिकडून जिकडे ओढाल, बाण तिकडेच जातो. तुम्ही आजूबाजूची प्रत्येक गल्ली स्वतःच्या दारापासून आखलीय. तुमच्याकडून बाहेर पडता येतं. तुमच्याकडे यायला एकही वाट नाही."

नकाशेवाल्याचं डोकं भडकलं. आता कोणावर ओरडायचं? ड्रायव्हर नाही, मुलगी नाही, यंत्रही नाही. उरला एकच माणूस, आणि त्याच्यावर ओरडायची त्याला सवय नव्हती.

फोनचा स्पीकर चालू होता, म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं. तो निवृत्त पोस्टमन. त्याने काठी उचलली, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, गाडीला चौकात थांबायला सांग, तिथपर्यंत चालत जाऊ, चालणाऱ्याला कसले आलेत बाण.

निम्म्या वाटेवर म्हाताऱ्याने विचारलं, "सगळे बाण तुझ्या दारापासून लांब पळतात म्हणे?"

"हो."

"म्हणजे तुझा स्वभाव यंत्रालाही कळला."

नकाशेवाला दात-ओठ खात चालत राहिला.

नवाला पाच कमी असताना गाडी इस्पितळात पोचली आणि म्हातारा आत गेला. नकाशेवाला बाकावर बसला, चारदा उठला, पुन्हा बसला. शेवटी त्याने मुलीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी माफी मागितली. पण इतक्या जोरात मागितली, की नर्सने येऊन त्याला दाराकडे बोट दाखवलं.

तो मुकाट्याने उठला. बाहेर जायची वाट त्याला तोंडपाठ होती.