व्याह्यांवर फुग्यांचा पाऊस

"फुगे वरून पडले पायजेत," वीरेंद्र म्हणाला. "अंगठी बोटात गेली का धबाधब. जसं आभाळ फाटलं."

"आभाळ नाही, जाळी लागते," शिडीवर बसलेला धम्मदीप म्हणाला. अड्याळात फुग्यांची सजावट करणारा तो एकटाच, त्यामुळे त्याला नम्रतेची सवय नव्हती. "अन् माही जाळी मोहाडीले गेली आहे. तिकडे कोण्या साहेबाचा निरोपसमारंभ आहे. साहेब भाषण आवरून नाही राहिला, म्हणून फुगे पडून नाही राहिले."

"जाळीचं मी पाहतो. तू फुगव."

उद्या वीरेंद्रच्या बहिणीचं, गुड्डीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. त्यासाठी त्यांच्या आईने, शकुनबाईंनी, मांडवावर घालायला जांभळाच्या डहाळ्या आणल्या होत्या. ओल्या, गर्द, पानापानात सावली मुरलेल्या. वीरेंद्रने त्या उचलून शेळीपुढे टाकल्या. घरात तेवढ्या एका जिवाला त्यांची कदर होती. शेळीने त्या डोळे मिटून खाल्ल्या. मांडवावर आता गुलाबी कापड आलं, खांबांना जांभळे-चंदेरी फुगे आले. शहरातल्या लग्नाचा एक व्हिडिओ वीरेंद्रने मोबाइलमध्ये साठवला होता. त्यात नवरानवरीवर इतके फुगे कोसळत होते की शेवटी नवरानवरी दिसेनासेच होत. शोभा म्हणतात ती हीच, असं वीरेंद्रचं मत झालं होतं.

घरात मात्र काळजी वेगळीच होती, आणि ती मासोळीची होती.

झालं होतं असं. गुड्डीचे वडील बाबूलाल, बाजारपेठेतले खत-बियाणेवाले, मुलगा पाहायला तुमसरला गेले. मुलाच्या वडिलांच्या, ताराचंदजींच्या, गळ्यात त्यांना तुळशीची माळ दिसली. कोणी काही विचारलं नव्हतं. तरी बाबूलाल बोलून गेले, "आमच्या घरी तर आज्यापासून मासोळीचं नावबी घेत नाही, इवाई." त्यावर ताराचंदजींनी माळेला हात लावला आणि म्हणाले, "आमच्याकडं तर ज्याच्या घरी मासोळी शिजते, त्याच्या घरचं पाणी पेत नाही." बाबूलालना चेव आला. "आमी तलावाच्या रस्त्यानंबी जात नाही." एक थाप दुसरीच्या खांद्यावर चढली आणि अशा मनोऱ्यावर गुड्डीचं लग्न ठरलं.

तलावांच्या भंडाऱ्यात असं बोलायला छाती लागते. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, काही तलाव इकडे राहिले, काही तिकडे गेले, पण मासोळीची चव काही वाटली गेली नाही. बाबूलालच्या घरात तर रविवारचा दिवस उजाडायचाच मुळी शकुनबाईंच्या पाट्यावर वाटल्या जाणाऱ्या मसाल्याच्या आवाजाने. लग्न ठरल्यापासून तो पाटा मुका झाला होता. तवे घासले, कढया घासल्या, आणि बाबूलाल संध्याकाळी उगाचच बाजारातल्या मासोळीवाल्यांच्या रांगेवरून सावकाश चालत जाऊन येत. घेत काही नसत. नुसते श्वास घेत.

गुड्डी मात्र खरोखर घाबरली होती. मुलगा भोजराज चिखल्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. रोज संध्याकाळी तो फोन करायचा आणि ती परसात कडुलिंबाखाली उभी राहून बोलायची. तिचा आवाज तेवढ्यापुरता पाण्यावरून आल्यासारखा व्हायचा. तिने बापाला बजावलं होतं, "बाबूजी, तुमच्या एका थापेपायी हे मोडलं, तर मी दुसरा पोरगा पाहणार नाही. सांगून ठेवतो."

"काही मोडत नाही," बाबूलाल म्हणाले होते. "घरात एक खवलाबी सापडनार नाही."

आणि वीरेंद्र जाळी शोधायला तलावावर गेला.

मासोळ्या धरणाऱ्या केवळरामचं फेकजाळं तलावाच्या पाळीवर, बांधावर, वाळत पडलं होतं. गोल, मोठ्या घेराचं, काठाला शिशाच्या गोळ्या लावलेलं.

"कायले पायजे?" केवळरामने विचारलं.

"फुग्यांसाठी."

"फुगे धरतेस का बे?"

"तुले नाही समजनार. इव्हेंट आहे."

वीरेंद्रने ते जाळं घरामागे नेऊन शांपूने धुतलं, वर अत्तराची बाटली रिकामी केली, आणि मोठ्या पहाटे धम्मदीपने ते मांडवाला उलटं टांगलं. काठ वर, पोट खाली. काठाच्या साऱ्या गाठी सरकत्या ठेवल्या आणि एका दोरीला आणून जोडल्या. पोटात फुगे भरले. खाली बरोबर मध्यावर, मानाचा म्हणून, लाल सोफा मांडला.

"वास येऊन राहिला, भाऊ," धम्मदीप म्हणाला.

"अत्तराचा आहे."

"अत्तराचाबी आहे. माह्यं काम फुग्याचं. वासाचं तुमी पाहा."

शकुनबाई रांगोळीचा डबा घेऊन मांडवात आल्या आणि दारातच थबकल्या. वर पाहिलं. नाक मुरडलं. "वीरू, हे काय टांगलं रे?"

"नवीन आहे, आई. कोरं."

"कोऱ्याले असा वास येत नाही, पोरा. असा वास याले जाळ्याचा जलम जाते."

बाबूलाल धावत आले. त्यांचा चेहरा आधी पिवळा झाला, मग मांडवाच्या रंगाचा झाला. "काढ! आताच्या आता काढ! अबे गाढवा, सारं घर घासून काढलं, अन् तू इवायाच्या डोक्यावर तलाव आनून ठेवला?"

"खाली आनू तर सारे फुगे फुटतीन," वीरेंद्र म्हणाला. अशा वेळीही त्याला फुग्यांची कीव येत होती.

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पाहुणे सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी आले होते. सोवळ्या माणसांची ही खोड असते; दुसऱ्याचं घर ते बेसावध असताना पाहायला त्यांना आवडतं.

"दोरीले हात लावशील तर हात तोडून ठेवीन," बाबूलाल दात आवळून म्हणाले आणि हात जोडत बाहेर गेले. "या, या, इवाई! या!"

वैशाखाचं ऊन हा मोठा उघडबोल्या प्राणी. ते जसजसं चढत गेलं तसतसं गुलाबी कापडाखालचं अत्तर हळूहळू उठून निघून गेलं, शांपूही गेला, आणि मागे राहिला तो तलाव. गाळ, शेवाळ, आणि केवळरामच्या हातून गेलेल्या कित्येक पिढ्यांच्या मासोळ्या. शकुनबाईंनी कापूर जाळला. ऊद जाळला. वास त्या धुरात आणखी ठळक झाला, टिळा लावल्यासारखा.

लाल सोफ्यावर ताराचंदजी बसले होते, पांढरं धोतर, पांढरा कुर्ता, गळ्यात माळ. त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"इवाई, कसला वास येऊन राहिला?"

"खताचा," बाबूलाल घाईघाईने म्हणाले. "दुकानाचं गोदाम मागंच आहे ना. शेनखत, इवाई. एकदम शुद्ध."

"असं," ताराचंदजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून तिसरा श्वास घेतला. शेणखताला इतका मान कोणी दिल्याचं बाबूलालनी पाहिलं नव्हतं.

मग मांजरी आल्या. पहिली कुंपणावर बसली. दुसरी मांडवाच्या खांबापाशी. थोड्या वेळाने शेजारच्या आळीतल्या जाणत्या मांजरीही येऊन बसल्या, बोलावणं असल्यासारख्या, शेपट्या पायाशी गुंडाळून, माना वर करून.

"मांजरी लई पाळल्या तुमी," ताराचंदजी म्हणाले.

"दूध पेतेत," बाबूलाल म्हणाले. "नुसतं दूध."

उन्हाने वरचे फुगे तापत होते. मधूनच एखादा फट्‌ करून फुटे, आणि प्रत्येक वेळी बाबूलालचं काळीज त्याच्याबरोबर फुटे. "लवकर आटपा," ते सगळ्यांना सांगत सुटले. "मुहूर्त निघून जाऊन राहिला!" मुहूर्ताला अजून अवकाश होता, पण गुड्डीला बाहेर आणलं. हिरवी साडी, खाली घातलेली नजर. भोजराज तिच्यासमोर उभा राहिला. शकुनबाईंनी अंगठीची डबी उघडली. वीरेंद्र दोरीपासून लांब, हात पाठीमागे बांधून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बापाचं ऐकलं होतं.

पण मांजरीला कोणी बजावलं नव्हतं.

खांबापाशी बसलेली एक लाल मांजर सरसर वर चढली आणि तिने जाळ्याच्या पोटात उडी घेतली. तिची नखं पहिल्या फुग्याला लागली, तो फुटला. ती दचकून दुसऱ्यावर गेली, तोही फुटला. मग वर नुसती लढाई माजली. शेवटी जीव घेऊन तिने दोरीला धरून खाली झेप टाकली, आणि दोरीने आपलं काम केलं. साऱ्या गाठी एकदम सुटल्या.

फुगे आधी पडणार आणि जाळं वर राहणार, असा वीरेंद्रचा हिशेब. पण जाळ्याचा जन्मच पडण्यासाठी असतो. शिशाच्या गोळ्यांनी घेर उघडला, मोठा, गोल, पुनवेच्या चंद्राएवढा देखणा, आणि तो अलगद ताराचंदजींवर उतरून सोफ्याभोवती घट्ट बसला. फुगे मागून आले. हलके, रंगीत, निर्लज्ज. एक जांभळा फुगा व्याह्यांच्या डोक्यावर टेकला आणि तिथेच फुटला.

मग बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीचा आवाज उठला. व्याह्याला गाण्यातून चिडवायची आपल्याकडे रीतच, आणि म्हातारीला इतकी आयती संधी पुन्हा मिळाली नसती:

*"मांडवात पडलं जाळं, पाणी नाही घोटभर,*
*इवाई घावला बाई, जसा रोहू मणभर!"*

बायका फिसकन हसल्या. "बॅडमिंटनची जाळी आहे, इवाई," बाबूलाल पुटपुटले. "पोरं खेळतेत."

गुड्डीने बापाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

चारी बाजूंनी माणसं धावली, एकाने इकडे ओढलं, दुसऱ्याने तिकडे, आणि पाहुणा आणखी गुरफटला. त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर दोन खवले चमकत होते. धम्मदीप कात्री घेऊन पुढे आला.

"कापू नोको!" आतून गर्जना आली. "जाळं कापतेत का कधी, येड्या? सरका सारे! शेंड्याची दोरी कोठं आहे? दे इकडं! ओढू नोको, ढील दे... गोळ्या एका अंगाले घे... हं!"

आणि मग सोवळे ताराचंदजी उभे राहिले. खांद्याच्या एका हिसक्यात डोकं मोकळं झालं. मनगटाच्या एका वळणात घेर गोळा झाला. शेंड्याची दोरी डाव्या मनगटाला गुंडाळली गेली, जाळ्याची घडी डाव्या कोपरावर पडली, उरलेला घेर उजव्या हातात आला, काठाची एक गोळी आपसूक दातांत गेली. डावा पाय पुढे, कंबर वळलेली, नजर अंगणापलीकडे कुठेतरी, जिथे फक्त त्यांनाच पाणी दिसत होतं. गळ्यात तुळशीची माळ, दातांत शिशाची गोळी. असा तो व्याही मांडवाच्या मध्यभागी, जाळं फेकायच्या पवित्र्यात उभा राहिला.

सारा मांडव टाचा उंचावून बघू लागला. मांजरीसुद्धा आदराने पाहत होत्या.

"बाबा," भोजराज हळूच म्हणाला, "गोळी सोडा."

ताराचंदजींनी गोळी सोडली. इकडे तिकडे पाहिलं. चेहरा उतरला.

"लहानपनी... कधी कधी..." ते म्हणाले.

"लहानपनीचा हात असा नाही चालत, इवाई," शकुनबाई म्हणाल्या.

"मागच्या इतवारी," ताराचंदजींनी मान खाली घातली. "लपून जातो जी. काय करू? तुमी त्या दिवशी म्हनालात, आज्यापासून नाव घेत नाही. एवढं सोवळं घर! मले वाटलं, आपलं खरं सांगितलं तर पोरगी देनार नाहीत. म्हनून मीबी बोलत गेलो." त्यांनी हात जोडले. "तुमच्या मांडवात मले देवानंच जाळ्यात धरलं, इवाई. तुमी बोला. ठेवता का मोडता?"

आता बाबूलालना एकच वाक्य बोलायचं होतं. मीही तसाच, एवढंच. पोटात तेच होतं, जिभेवर तेच होतं. शकुनबाईंनी कोपराने ढोसलं. "सांगून टाका ना जी," त्या कुजबुजल्या. "इतवारी दोघं मिळून बसान."

पण बाबूलाल जन्मात कधी कोणापेक्षा उंचावर उभे राहिले नव्हते. खताच्या दुकानात उंची फक्त पोत्यांना असते. आज समोर तुमसरचा मोठा माणूस खवल्यांसकट हात जोडून उभा होता आणि सारा गाव बघत होता. बाबूलालनी छाती काढली, घसा साफ केला.

"होते, इवाई. माणसाकडून होते चूक," ते म्हणाले. "आमच्या घराण्याचं सोडा. सारेच काही तसे राहू शकत नाहीत. पोरीकडं पाहून मी माफ केलं."

शकुनबाईंनी कपाळाला हात लावला.

ताराचंदजींचे डोळे पाणावले. त्यांनी साक्षगंधाच्या नारळावर हात ठेवला. "शपथ घेतो. आजपासून बंद. अन् मन पुन्हा डगमगू नये म्हनून दर इतवारी तुमच्याकडंच जेवाले येईन, इवाई. सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. तुमच्यासंगं राहिलो तर सुधरीन."

"दर इतवारी?" बाबूलालनी विचारलं. आवाज फुटक्या फुग्यातून यावा तसा आला.

"जलमभर," ताराचंदजी म्हणाले आणि त्यांनी व्याह्यांना मिठी मारली.

तेवढ्यात अंगठ्या घालून झाल्या. भोजराज गुड्डीच्या कानाशी काहीतरी बोलला.

"खाणीच्या क्वार्टरच्या मागंच?" तिने विचारलं.

"मागंच. इतवारी मासोळीचा बाजार भरते."

"झिंगे येतेत?"

"ताजे."

गुड्डीने पहिल्यांदा नजर वर केली आणि हसली.

पंगत बसली. दोन्ही व्याही मानाच्या पाटांवर समोरासमोर बसले. पानात वरण-भात होता आणि लाल भोपळ्याची भाजी होती. बाबूलालनी एक घास घेतला, तो बराच वेळ तोंडात फिरवला.

"भोपळा चांगला झाला आहे," ते म्हणाले.

"लई चांगला," ताराचंदजी म्हणाले.

"आमच्याकडं नेहमीच चांगला होते."

"मंग इतवारीबी हाच करा," ताराचंदजी म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना आग्रह करकरून आणखी भोपळा वाढून घेतला.