आहे की नाही

"मला तिकडे जायचं..." मुलगी म्हणाली आणि थांबली.

"नाही. माहितीय मला," वडील म्हणाले.

मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मालकीणबाई दुसऱ्या गावात नवं दुकान काढत होत्या, आणि तिथलं काचांचं सगळं काम त्यांना हिच्यावर सोपवायचं होतं. घरी विचारून संध्याकाळपर्यंत पक्कं कळवायचं होतं.

ती चार वर्षांची होईपर्यंत बोललीच नव्हती. मग शब्द आले, पण क्रियापदं मागे रेंगाळली. "तीही येतील, पण वाट बघावी लागेल," असं तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. वडील पडले मुद्रितशोधक. अपुरं वाक्य दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. सतरा वर्षं ते लेकीची वाक्यं मायेनं पुरी करत होते. आठव्या वर्षी ती "मला पाण्याची..." म्हणाली, यांनी "भीती वाटते" जोडलं आणि तिचं पोहायला शिकणं कायमचं राहिलं. तिला बाटली हवी होती. मराठीत वाक्याचा निकाल शेवटी लागतो, आणि तिचे निकाल घरात दुसरेच लावत होते.

आईनं नकाराची बातमी आत्याला कळवली. आत्या कामाला वाघ. तासाभरात तिनं, जिथे बोलायचंच नसतं अशा एका ग्रंथालयात, नोकरी शोधून ठेवली.

"मला ते काम..." मुलीनं सुरुवात केली.

"आवडेलच," आई म्हणाली.

वडिलांनी मालकीणबाईंना फोन लावला. "ती तिकडे जाणार नाही. तिनंच सांगितलं."

"कमाल आहे. सकाळी मला 'जायचं आहे' म्हणाली."

"घाईत म्हणाली असेल."

"घाईत? पाच मिनिटं लागली तिला. मी बसून ऐकलं. द्या तिला फोन."

मुलीनं फोन घेतला. "मला तिकडे जायचं..."

वडिलांच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो कसाबसा गिळला. पलीकडे मालकीणबाई स्वस्थ थांबल्या होत्या.

"...आहे," मुलगी म्हणाली.

तिनं फोन ठेवला. ती जाणार याचं वडिलांना वाईट वाटत होतं, आणि इतकी वर्षं तिच्या वाटचं आपणच बोलत आलो याची लाजही.

"तू गेल्यावर मला..." ते अडले.

"रोज फोन करत जा," आईनं पुरवलं.

"आई, थांब," मुलगी म्हणाली. "बाबांना... बोलू दे."

दोघी थांबल्या. बराच वेळ गेला.

"करमायचं नाही," वडील म्हणाले.