विमलबाई लाइव्ह आहेत

आमच्या शेजारच्या विमलबाई वरणभाताचं धावतं समालोचन करतात.

"नमस्कार मंडळी! घास उचललेला हाय. विहान तोंड फिरवून राहिला... फिरवून राहिला... चिमणी दाखवली... अन् गेला घास! पुरा घास! टाळ्या!"

टाळ्या वाजवायला समोर दोन-अडीच वर्षांची तीन पोरं आणि तांदळाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल. पण त्या मोबाइलच्या आत पोरांच्या आया बसलेल्या असतात. कुणी शाळेत, कुणी कचेरीत, जेवणाचा डबा उघडून आपल्या लेकराचा घास बघत असतात. लातुरात औसा रोडला आमची कॉलनी आहे. तिथं विमलबाईंचं घरगुती पाळणाघर चालतं, आणि ते चालतं या जाहिरातीवर. 'मायबाप ऑफिसात, लेकरू आमच्या नजरेत' हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं. त्याचा अभिमान इतका, की भाजीवाल्यालाही ऐकवतात.

बाईंना लाइव्हची सवय अशी जडली, की माझ्याकडं विरजण मागायला आल्या तरी दारातून, "नमस्कार मंडळी! आज आपण आलेलो हाओत बाईंच्या घरी." मंडळी म्हणजे मी एकटी. शाळेत शिकवत होते म्हणून सगळी गल्ली मला बाईच म्हणते.

मी हसते त्यांना, पण जपून. तरुणपणी मीही कमी नव्हते. आदर्श मातृत्वावर शेजारणींना व्याख्यानं द्यायची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, हातात तपासायच्या वह्या, तोंडानं उपदेश. एकदा दोरी कधी सुटली कळलंच नाही. मी आपली अंगठा हलवतेय, आणि पाळण्यातून उतरलेले चिरंजीव स्वयंपाकघरात गुळाच्या डब्यात. तेव्हा लाइव्ह नव्हतं हे माझं भाग्य.

तर, यंदा विमलबाईंकडं ओवी आली. दहा महिन्यांची. आई स्नेहल बँकेत, वडील नांदेडला नोकरीला, रविवारी घरी येणारे. स्नेहलची अट एकच होती.

"काकू, माझ्या पोरीचा चेहरा कुठं दिसता कामा नये."

कारण उदगीरला राहणाऱ्या सासूबाईंनी, स्नेहल त्यांना आत्याबाई म्हणते, आधीच बजावलं होतं, "भाड्याच्या हातात माझी नात वाढणार न्हाई. सांभाळायला कुणी नसेल तर मी घेऊन येते उदगीरला." म्हणून स्नेहलनं सांगून टाकलं होतं, की लातुरात माझी मावशी आहे, लग्नाला येऊ न शकलेली, तीच सांभाळते.

विमलबाईंनी शब्द पाळला. लाइव्हच्या वेळी ओवी आतल्या खोलीत. पण एक दिवस 'आमच्याकडची दुपारची झोप' असा व्हिडिओ करायचा मोह त्यांना आवरला नाही. व्हिडिओत ओवीच्या चेहऱ्यावर त्यांनी मोठं सूर्यफूल चिकटवलं आणि माझ्याकडं तपासायला आणलं.

"बाई, दिसतंय का तोंड? खरं सांगा."

मी चष्मा पुसून बघितलं. "नाकसुद्धा दिसत नाही."

दोघींनी मिळून सूर्यफूल तपासलं, पण डोक्यावरची कुंची कुणीच तपासली नाही. ती कुंची सासूबाईंनी स्वतःचा लग्नातला शालू कापून शिवली होती. जांभळी, सोनेरी काठाची, मागं झालर. व्हिडिओ फिरत फिरत उदगीरच्या भजनी बायकांच्या ग्रुपवर पोचला आणि एकीनं सासूबाईंना विचारलं, "ही तुझ्या हातची कुंची न्हाई का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्नेहलचा फोन आला. विमलबाईंनी स्पीकर लावला.

"काकू, आत्याबाईंनी उदगीरहून बस धरलीय. मावशी खोटी निघाली तर पोरीला घेऊनच जाणार म्हणाल्यात. आज शाखेत तपासणी आलीय, मला उठताही येईना. एकदा तिकडं नेली की परत पाठवणार नाहीत हो. मग मला नोकरी सोडूनच जावं लागेल तिच्यामागं. काकू, पाया पडते, तुम्ही माझी मावशी व्हा!"

विमलबाई जाहिरात करतील, पण खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात. तरी "हाव" म्हणाल्या. दारावरची पाळणाघराची पाटी उतरली. छोट्या खुर्च्या पलंगाखाली गेल्या. मोबाइल बंद होऊन उलटा पडला. बाकीची तीन पोरं माझ्या ताब्यात आली.

"गप ठेवाल ना, बाई?"

"अहो, अख्खा वर्ग एका नजरेत गप करायचे मी," असं मी म्हणाले. खरं तर वर्ग मला नव्हे, हेडमास्तरांच्या छडीला भ्यायचा.

आत्याबाई रिक्षातून उतरल्या. उंच, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात एक पिशवी होती आणि ती रिकामी होती. ओवीचे कपडे भरून न्यायलाच आणलेली.

आमच्या दोन घरांच्या मधलं मागचं दार मी बोटभर उघडं ठेवलं होतं. जीव कानात आणून ऐकत होते.

"तुम्ही मावशी?"

"हाव."

"सख्ख्या?"

"लई सख्खी."

"बहिणीच्या तोंडावळ्यावर न्हाई गेलात."

विमलबाईंनी पदर कानांवर ओढला. एवढ्यात माझ्या हाताखालून विहान निसटला. धावत जाऊन विमलबाईंच्या पदराला लोंबकळला, "आज्जी, शी!"

"हे कुणाचं?"

"माझंच हाय," विमलबाई म्हणाल्या.

विहानला धरायला मी वळले, तोवर दुसरी पोरगी गेली.

"अन् ही?"

"हीबी माझीच."

तिसरा मुतलेली चड्डी हातात घेऊन गेला. आत्याबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या वयात दम दांडगा हाय तुमचा."

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, कारण विमलबाईंचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे मावशी न्हाई. दुकान हाय."

"हाव," विमलबाई खाली बघून म्हणाल्या. "दुकानच हाय. पण स्नेहलला बोलू नका. पोरीसाठी बोलली ती."

आत्याबाईंनी पिशवी उघडली. "कपडे कुठं हायत तिचे?"

मला वाटलं, आता विमलबाई भांडतील, रडतील, निदान जाहिरातीचं वाक्य तरी म्हणतील. त्या उठल्या आणि स्वतःच घड्या करून झबली पिशवीत ठेवायला लागल्या. आवाज इतका हळू, की मी दार ढकलून आतच गेले.

"भात मऊ लागतोय तिला. झोपताना कान धरू द्या. तिचा न्हाई, आपला. आपला कान धरल्याबिगर झोपत न्हाई ती. रातच्याला तिकडं रडली तर घाबरू नका. कान द्या."

ओवी कुरकुरायला लागली. झोपेची वेळ झाली होती. विमलबाईंनी तिला उचलून आत्याबाईंच्या मांडीवर दिलं. पोरीनं आजीचा चेहरा चाचपला, कुडी सोडून कानाची पाळी धरली आणि डोळे मिटले.

आत्याबाई ताठ बसून राहिल्या. तशाच म्हणाल्या, "हिला नेल्यावर तुम्हाला तीन राहतील."

"संध्याकाळपत्तोर. मग तेबी जातात."

"मग?"

"मग फोन हाय की. मालक गेल्यापासून फोनसंगच बोलते. कोण बघतंय न बघतंय, आपण नमस्कार मंडळी म्हणायचं."

आत्याबाईंनी ओवीच्या अंगावर पदर घातला. मग, "माझ्या घरी दिवसभर टीव्ही चालू असतोय. बघत न्हाई मी. माणसाचा आवाज पाहिजे म्हणून."

परतीच्या बसची वेळ झाली. मी घड्याळाकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं. पण कान सुटल्याशिवाय उठायचं कसं? बस गेली.

स्नेहल आली ती धापा टाकत, रंग उडालेली. दारातच थबकली.

"हळू," आत्याबाई म्हणाल्या. "झोपलीय. खोटं का बोललीस?"

"तुम्ही नेली असती."

"नेलीच असती." त्यांनी पिशवी पायानं बाजूला सारली. "आता राहते तुझ्याकडं काही दिवस. दिवसा हितं येऊन बसते. बघू तरी, हे दुकान कसं चालतंय."

स्नेहल भिंतीला टेकून खालीच बसली.

एकेक करून पोरं घरी गेली. ओवीला घेऊन त्या दोघी फाटकापर्यंत पोचल्या आणि आत्याबाई मागं वळल्या.

"ओ मावशी! दारात काय उभ्या राहिलात? चला जेवायला."

"मी?"

"दुसरी कोण मावशी हाय हितं?"

विमलबाई लगबगीनं आत गेल्या. पदर सारखा केला, आणि मग घरभर काहीतरी शोधायला लागल्या. पलंगाखाली, कोनाड्यात, खेळण्यांच्या टोपलीत.

"काय हरवलं हो?" मी विचारलं.

"कुलूप," त्या ओशाळून म्हणाल्या. "संध्याकाळचं कधी लागलंच न्हाई, बाई."

मी माझ्या दाराचं कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं.