जुन्या हार्ड डिस्कचा चार्ज

आमच्या लॅपटॉपमधल्या जुन्या हार्ड डिस्कनं, रीतसर चार्ज दिल्याशिवाय मी जागा सोडणार नाही, असं सोमवारी सकाळी अकरा वाजता सांगितलं. तेव्हा तिचा एकच स्क्रू काढायचा राहिला होता.

नाझनीन तांबोळीचं कराडात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"काकू, तुमची पण त्यातलीच निघाली."

मी विचारलं, त्यातली म्हणजे कुठली.

"सरकारी माणसाच्या घरात राहिलेली. एरवी जुन्या डिस्का गुपचूप निघतात. मागच्या महिन्यात एका तलाठ्यांची आली होती, तिला निरोप समारंभ पाहिजे होता. शाल पांघरली, दोन पेढे ठेवले, गेली बिचारी. एकेक वस्तू मोजून चार्ज देणार म्हणणारी म्हणजे अवघड काम."

"मला ऐकू येतं," डिस्क म्हणाली. तिचा आवाज जरा नाकातला होता आणि दर दोन वाक्यांनंतर टिकटिक व्हायची. या टिकटिकीसाठीच तर मी दुकानात आले होते. नाझनीननं कान लावून ऐकलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की शुक्रवारच्या पुढं ही डिस्क काही जात नाही. त्याच्या आत जे काढून घ्यायचं ते घ्या. एकदा बंद पडली की सगळं गेलं.

सगळं म्हणजे काय, ते सांगते. मी हेमलता पिसाळ. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होते. रिटायर झाल्यावर नऊ वर्षं मी एकतीस गावं फिरले आणि तिथल्या म्हाताऱ्या बायकांकडून शेतांची नावं गोळा केली. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण घरातली बाई 'आज सवतीच्या तुकड्यात भांगलण आहे' असंच म्हणते. 'लवणातलं', 'चिंचंखालचं', 'भुताची ताल', 'हुंड्याची पट्टी'. सांगणाऱ्यांतल्या निम्म्या बायका आता नाहीत. त्यांचे आवाज आणि माझं तीनशे पानांचं लिहून झालेलं पुस्तक त्या एका डिस्कमध्ये होतं. दुसरीकडे एक प्रत ठेवावी, हे मला रोज उद्या सुचायचं.

नाझनीननं स्क्रू परत बसवले. नवी डिस्क एका डबीत घालून, वायरनं लॅपटॉपला जोडून दिली आणि म्हणाली, "घरी नेऊन समजूत काढा. काकांचं ऐकेल कदाचित."

इथंच घोटाळा झाला. काका म्हणजे आमचे हे. एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा कार्यालयीन अधीक्षक म्हणून. घरातल्या किल्ल्यांना यांनी नंबर दिलेले आहेत. मी सगळं सांगितल्यावर यांना काळजी वाटेल अशी माझी समजूत होती. यांचा चेहरा उजळला.

"बरोबर आहे मॅडमचं," हे लॅपटॉपकडे बघत म्हणाले. "चार्ज हा द्यायलाच पाहिजे. आजकाल कोण देतं? किल्ल्या टेबलावर टाकतात आणि जातात."

"धन्यवाद साहेब," डिस्क म्हणाली.

यांनी माळ्यावरून कार्बन पेपर काढले. तीन प्रतींत यादी. अनुक्रमांक, नगाचं वर्णन, स्थिती, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, शेरा. डिस्कच्या सहीची अडचण होती, ती हे स्वतः 'तिच्या वतीनं' करणार असं ठरलं. नव्या डिस्कच्या वतीनं मी.

नवी डिस्क पातळ, नाजूक आणि कमी बोलणारी होती. ती फक्त म्हणाली, "जे मिळालं तेवढ्याचीच सही करा. नंतर माझ्यावर यायला नको." तिचंही काही चुकलं नव्हतं. पण माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

एकूण नग निघाले एकेचाळीस हजार तीनशे सहा.

पहिला दिवस यांच्या पाटबंधाऱ्यावरच्या सहलीच्या फोटोंत गेला. डिस्क वर्णन सांगायची, "साहेब, बंधारा, पाठमोरे. स्थिती बरी." हे लिहायचे. मी सही करायची. मग 'नवीन फोल्डर' आला. मग 'नवीन फोल्डर दोन'. 'नवीन फोल्डर तेरा'पर्यंत सगळे रिकामे होते. मी म्हटलं, रिकामे तरी सोडा.

"रिकामा नग हाही नगच," डिस्क म्हणाली.

"रिकामा असल्याचा शेरा मारावा लागेल," हे म्हणाले.

दोघांचं असं जमलं, की मला आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखं वाटायला लागलं. मंगळवारी गुड मॉर्निंगचे गुलाब आले, दवबिंदूंसकट, आणि नवी डिस्क अडून बसली. असले दोन हजार नऊशे गुलाब घ्यायला ती आलेली नाही म्हणे. तासभर वाद. शेवटी ते 'वादग्रस्त नग' म्हणून वेगळ्या कागदावर घेतले. संध्याकाळी मी हिशेब केला. दिवसाला दोनशे बारा नग. या वेगानं साडेसहा महिने. डिस्कच्या हातात तीन दिवस.

मी पदर खोचला आणि लॅपटॉपसमोर बसले. "मॅडम, माझ्या पुस्तकाचे नग आधी द्या. बाकीचं खुशाल दिवाळीपर्यंत चालवा."

"पिसाळबाई, आवक क्रमानं जावं लागतं. तुमचे नग सव्वीस हजारांपासून पुढं आहेत."

"मग मी माझी माझी नक्कल काढून घेते."

"चार्ज चालू असताना दप्तर बाहेर नेता येत नाही." टिकटिक. "साहेबांना विचारा."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला. "तसा नियम आहे, अगं," म्हणाले.

मी त्या रात्री यांना फक्त आमटी-भात वाढला.

गुरुवारी सकाळी टिकटिक वाढली. आवाज मध्येच तुटायचा. नग क्रमांक सातशे चाळीस, लाईट बिल, तेही जुन्या घराचं. डिस्क तारीख सांगता सांगता थांबली, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. हे शांतपणे म्हणाले, "सावकाश, मॅडम. घाई नाही."

तेव्हा माझा तोल गेला.

"घाई नाही? कचेरीतल्या शेट्यांचा चार्ज घेतानाही हेच सांगत होतात ना तुम्ही? सावकाश, घाई नाही. एक पितळी कुलूप सापडत नव्हतं म्हणून बावीस दिवस त्या माणसाला सोडला नाही. बदली मंजूर होती, वडील जतला अंथरुणावर होते. विसाव्या दिवशी वडील गेले. तरीही दोन दिवस यादी चालली होती तुमची. मी तेव्हा गप्प बसले, तेच चुकलं माझं. आता माझी नऊ वर्षं चालली आहेत, आणि तुम्ही लाईट बिलाची स्थिती लिहिताय."

यांनी यादी बाजूला सारली. पेन टोपणात घातलं.

"कुलूप सापडलं होतं," हे म्हणाले.

"कधी?"

"तो गेल्यावर महिन्याभरानं. माझ्याच खणात होतं. कागदाखाली."

तेव्हापासून चौदा वर्षं हा माणूस माझ्या समोर बसून जेवतोय आणि हे मला माहीत नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण यांचा चेहरा असा झाला होता, की मी नुसतं पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन हे लॅपटॉपकडे वळले. आता आवाज अधीक्षकाचा नव्हता.

"मॅडम, मी एकतीस वर्षं चार्ज बघितलेत. ज्याच्याकडे सगळं असतं तो दोन तासांत मोकळा होतो. जो लांबवतो त्याच्याकडे काहीतरी कमी असतं. शेटे लांबवत नव्हता, मी लांबवत होतो. आता तुम्ही लांबवताय. काय कमी आहे?"

टिकटिक थांबली. मला वाटलं गेली.

"नग क्रमांक सव्वीस हजार चारशे अकरा," ती हळूच म्हणाली. "मार्चमध्ये माझ्यातला एक कोपरा खराब झाला. तेव्हा गेला. अकरा वर्षांत तेवढा एकच. त्या नगापर्यंत यादी पोचू नये असं मला वाटत होतं."

नवी डिस्क लगेच म्हणाली, "तो मी घेणार नाही."

मी स्क्रीनवर तो नंबर काढून पाहिला. वाघजाईवाडीच्या बायजाआक्काचं रेकॉर्डिंग. तेवढं एकच लिहून घ्यायचं राहिलं होतं. बायजाआक्का मागच्या हिवाळ्यात गेली, आणि गावची सगळी नावं तिच्या एकटीच्या तोंडात होती. मला त्या डिस्कला उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. हे खरं आहे आणि ते मी लपवत नाही.

"निर्लेखित करता येतो," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. निर्लेखित म्हणजे वस्तू गेली असं मान्य करून यादीतून काढायची. "सक्षम अधिकाऱ्याला तो अधिकार असतो. मी कधी वापरला नाही. पण नग तुझा आहे. तू म्हणशील तसं."

मी उठले आणि स्वयंपाकघरातून सुपात मूठभर ज्वारी घेऊन आले. बायजाआक्का तशीच सांगायची. ओसरीवर सूप घेऊन बसायची आणि एका नावाला एक दाणा पदराच्या ओट्यात टाकायची. त्रेचाळीस दाणे झाले होते. आम्ही दोघींनी दोनदा मोजले होते.

"मी सांगते," मी नव्या डिस्कला म्हटलं. "मूळ नगाच्या बदली नग म्हणून घेशील?"

"त्रेचाळीस असतील तर घेईन."

मी डोळे मिटले. 'लवणातलं' म्हटलं आणि दाणा टाकला. 'खडकी'. 'माहेरचा मळा'. 'दोन भावांतलं'. 'म्हसोबाची पट्टी'. आक्काची बोटं मला दिसत होती, त्यामुळे नावं येत गेली. हे एकेक लिहून घेत होते, स्थितीचा रकाना कोरा ठेवून. एकोणचाळीस दाणे झाले आणि मी अडले. दहा मिनिटं गेली. चार दाणे टाकायचे तसेच राहिले.

"वांझ चिंचंचं," जुनी डिस्क म्हणाली.

मी दचकून पाहिलं.

"नग गेला," ती म्हणाली, "पण इतकी वर्षं माझ्याजवळ होता. ऐकलेलं थोडं आहे." टिकटिक. "कोंबडीच्या बदल्यातलं."

दोन्ही बरोबर होती. कोंबडीच्या बदल्यात गेलेल्या तुकड्याची गोष्ट सांगताना आक्का हसून हसून खोकली होती. मी दाणे टाकले. बेचाळिसावं 'रडक्या आंब्याकडचं', तेही बरोबर.

शेवटच्या दाण्याला डिस्कला खूप वेळ लागला. आत काहीतरी फिरत होतं, थांबत होतं, पुन्हा फिरत होतं. मग ती म्हणाली, "टिकटिकीचं."

असं नाव बायजाआक्कानं मला सांगितलेलं नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं. यांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं, कारण माझा चेहरा यांना वाचता येतो. नवी डिस्क वाट बघत होती.

मी त्रेचाळिसावा दाणा टाकला. "बरोबर आहे," म्हटलं. "लिहा."

सव्वीस हजार चारशे अकरापुढं मी 'प्राप्त' अशी सही केली. त्यानंतर राहिलेले चाळीस हजारांवर नग दोन तास दहा मिनिटांत एकत्रित दिले-घेतले गेले, वादग्रस्त गुलाबांसकट. यांनी दाखला लिहिला, की सदर डिस्कनं अकरा वर्षं काम केलं असून तिच्याकडे काहीही येणं बाकी नाही. तो वाचून दाखवला तेव्हा डिस्क म्हणाली, "तारीख घाला, साहेब." हेच तिचं शेवटचं बोलणं. चार वाजता नाझनीन येऊन स्क्रू काढून गेली, आणि जुनी डिस्क यांनी दाखल्यासकट कपाटात ठेवली. हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जतला गेले. जाताना खिशात पितळी कुलूप होतं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. परत आले तेव्हा कुलूप नव्हतं.

पुस्तक वैशाखात छापून आलं. पहिल्या प्रती मी वाघजाईवाडीला घेऊन गेले. पारावर बसून पोरींनी नावं मोठ्यानं वाचली. 'टिकटिकीचं'पाशी आल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी खाली मान घालून बसले होते. मग आक्काच्या सुनेनं सांगितलं, ओढ्यापलीकडच्या तुकड्याला कुणी नावच घेत नाही, तेच ते असणार. दोघातिघांनी मान हलवली. एका म्हाताऱ्याला तर ते नाव लहानपणापासून माहीत होतं.

आता तिथं सगळे टिकटिकीचंच म्हणतात. परवा सुनेचा फोन आला, टिकटिकीच्यात भुईमूग चांगला आलाय, शेंगा न्यायला या. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, जुन्या मॅडमना पण घेऊन जाऊ, आणि कपाटाच्या किल्ल्या शोधायला उठले.