शपथेविना राहिलेला गोळा

कुलस्वामिनीस वंदन करून, घडलें तैसेंच येथें लिहिलें असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. नदीचे अलीकडे एक राज्य होतें, आणि तेथील दारूखान्याचे कारखानीस विसाजीपंत पारखी हे थोर शास्त्रज्ञ, मापाबाहेर शब्द न टाकणारे. त्यांणीं एक तप खपोन, द्रव्याचे अतिसूक्ष्म कणाचा गर्भ फोडोन, ऐसा गोळा सिद्ध केला कीं एकटाच पडला तरी सारें नगर भस्म व्हावें. पैलतीरचे राज्यीं ऐसा गोळा आधींच होता, म्हणोन महाराजांनीं हा करविला. माळावर परीक्षा घेतली तेव्हां टेकडी वितळोन काच जाहली, आणि सेनापती हैबतराव यांणीं पंतांस मिठी मारली, आणि पंतांसही धन्य वाटलें.

परंतु त्या राज्याची चाल ऐसी कीं, कोणतेंही शस्त्र खंडेनवमीस पूजल्याखेरीज शस्त्रागारीं दाखल होत नसे, आणि पूजेआधीं करणाऱ्यानें त्यावर हात ठेवून शपथ घ्यावी कीं, यानें शरण आलेला मरणार नाही, पाळण्यातलें मूल मरणार नाही, पाणवठा नासणार नाही. तलवारीची शपथ लोहार घेई, तोफेची ओतारी घेई. पंत गुप्त कामांत ऐसे बुडालेले कीं ही चाल त्यांस आदले दिवशीं स्मरली. मग ते गणित मांडून बसले. गोळा उंचावर फोडावा तर अग्नी दूरवर पसरतो, आणि भुईवर फोडावा तर विषारी धूळ वारा नेईल तिकडे जाते, आणि कितीही लहान केला तरी शिपाई कोणता आणि मूल कोणतें हें त्यास कळेना. पत्नी बयोबाई जेवावयास बोलावून थकल्या आणि म्हणाल्या, "जमत नाही तर जमत नाही म्हणा. इतकें काय अवघड आहे?" पंत पाटावर बसले.

नवमीस दरबार भरला. पंतांनीं गोळ्यावर हात ठेवला, आणि शपथेऐवजीं मनांत पुन्हा गणितच मांडूं लागले. हैबतराव कानाशीं लागोन म्हणाले, "पुटपुटा आणि मोकळे व्हा पंत. देवी काय गणित तपासते?" मग पंतांनीं हात काढून घेतला, आणि कारखानिशी जाईल, कदाचित् मानही जाईल, हें जाणोन बोलते जाहले, "महाराज, शपथ खोटी होईल. तलवार उगारली तरी आवरतां येते. हा सुटला कीं कोणाचें ऐकत नाही."

महाराज खिन्न होऊन पुसते जाहले, "आणि पैलतीरच्यांनीं टाकला तर?"

"तर आपलीं मुलें मरतील. मग आपण टाकला तर त्यांचीं मरतील. आपलें एकही उठणार नाही."

"न टाकतां धाक तरी राहील."

"धाक खरा ठरावयास टाकण्याची तयारी लागते, महाराज. ती तयारी ठेवून ही शपथ घेतां येत नाही."

मग महाराजांनीं, दोहींकडील गोळे मोडावे हें बोलणें करावयास, पंतांसच वकील करून पैलतीरीं धाडिलें. तेथील कारखानीस गिरमाजी नाईक यांणीं हकीकत ऐकिली आणि ऐसे हसले कीं पानदान लवंडलें, कारण चाल तिकडेही तीच. म्हणाले, "पंत, आमचा गोळा अद्याप बिनपूजेचाच आहे. दर नवमीस माझें पोट दुखतें." मग दोघांनीं मिळोन तेथील राजांस खरें सांगितलें, आणि राजे रागावले, आणि मग निवांत जाहले, कारण तेही भयानेंच गोळा करवून बसले होते. मग इकडील लोक तिकडे आणि तिकडील इकडे दारूखान्यांत बसविले, आणि दोन्ही गोळे सर्वांसमक्ष उकलोन तोलून मोडिले. विद्या विसरतां येत नाही, म्हणोन पहारा दोहींकडे कायम ठेविला. हैबतराव कुरकुरत पैलतीरीं पहाऱ्यास गेले, आणि तेथील वांग्याचें भरीत मानवोन पुष्ट जाहले.

येणेंप्रमाणें राज्य तसूभर घटलें नाही, महाराजांची कीर्त उणी जाहली नाही, आणि पंतांची कारखानिशीही राहिली. आतां दोहीं तीरांचीं मुलें उन्हाळ्यांत नदींत डुंबतात. पंत काठीं बसोन पाहतात, आणि कोणतें मूल कोणत्या राज्याचें तें पाण्यांत त्यांस ओळखूं येत नाही. ऐसें वर्तमान.