वर्तकबाईंचा दुधी

वर्तकबाई कुणाच्याही घरी गेल्या की चहाचा पहिला घोट तोंडात तसाच धरून ठेवतात. डोळे मिटतात. मग घोट गिळून त्या निकाल देतात, "पास." किंवा, "रिजेक्ट. आलं शेवटी टाकलंत ना? अर्क उतरलाच नाही."

आम्ही कळव्याला या इमारतीत राहायला आलो त्याच दिवशी माझ्या बायकोचा, माधवीचा चहा रिजेक्ट झाला. मी हसलो, तर मला म्हणाल्या, "तुम्ही हसू नका. साखर तुम्हीच ढवळली नाहीये."

बाई कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. रंगाचा प्रत्येक घाणा त्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर जात नसे. निवृत्त झाल्या, पण तपासणी सुटली नाही. सोसायटीच्या गणपतीत सत्यनारायणाचा शिरा तोंडात टाकून त्या भटजींसमोर म्हणाल्या होत्या, "वरची बॅच पास, तळाची करपलीय." लग्न केलं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच. जिन्यात पोरं ओरडली की दार उघडून नुसतं बघायच्या. पोरं जिना सोडून लिफ्टने पळायची.

भाजीवाली तर त्यांना बघून टोपली झाकायची बाकी ठेवायची. बाई दुधी उचलणार, कानाशी नेऊन टिचकी मारणार, देठ हुंगणार, नख लावणार.

"बाय, दुधी घेतंस का जावई बघतंस?" एकदा ती वैतागून म्हणाली.

"जावई चालेल कसाही," बाई शांतपणे म्हणाल्या, "दुधी कोवळाच हवा."

हा दुधी आमच्या आयुष्यात आला तो माझ्या मुलीच्या वाढदिवसापासून. पास्ता, केक, सगळं बाहेरून मागवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरची ईराही आली होती. चौथीतली पोर. तिला गहू चालत नाही. रवा, मैदा, सगळंच बंद. कणभर पोटात गेलं तरी पोट धरून आडवी होते. म्हणून ती प्रत्येक वाढदिवसाला स्वतःचा डबा घेऊन येते. त्या दिवशीही सगळी पोरं पास्त्यावर तुटून पडलेली आणि ईरा सोफ्याच्या कडेला तांदळाची भाकरी खात बसलेली. कुणी काही बोलत नव्हतं. तिलाही सवय झाली होती.

वर्तकबाई केक तपासायला आल्या होत्या. केकचा तुकडा हातात तसाच राहिला.

"ही वेगळी का बसलीय?" त्यांनी विचारलं. तिच्या आईने, सायलीने कारण सांगितलं. आणि हेही सांगितलं, की पुढच्या महिन्यात ईराचाच वाढदिवस आहे, आणि ती म्हणते, मला पार्टी नको.

"तिच्यासाठी तांदळाचा पास्ता आणलेला," सायली म्हणाली. "पण ती म्हणाली, मम्मा, तो पण माझा एकटीचाच ना?"

बाईंनी केकचा तुकडा खाली ठेवला. पास नाही, रिजेक्ट नाही. सरळ घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वाटी घेऊन आमच्या दारात. "नमुना घ्या."

वाटीत केशरी लगदा होता. "हे काय?"

"लाल भोपळ्याचा पास्ता. पट्ट्या काढल्या होत्या. शिजताना धीर सोडला त्यांनी."

त्यानंतर आमच्या घरी नमुन्यांची रीघ लागली. पडवळाच्या नळ्या आल्या. दिसायला हुबेहूब मॅकरोनी, पण वास पडवळाचाच. दोडका आला आणि गेला. ठाण्याहून झुकिनी आणली, ती मात्र चांगली लागली. माधवीने सुटकेचा श्वास सोडला, तर बाई म्हणाल्या, "ही मिळाली तर मिळाली. ईराच्या वाढदिवशी मार्केटमध्ये नसली तर पोरीला काय सांगू?" शेवटी गाडी दुधीवर येऊन थांबली. आमच्या मुलीने तर जेवताना विचारायलाच सुरुवात केली, "आपलं आहे की बाईंचं?"

दुधी पाणी सोडायचा. पट्ट्या सॉसमध्ये पोहायच्या. "पाणी हा एकच गुन्हेगार आहे," बाई म्हणायच्या. मग त्यांनी पट्ट्यांना मीठ लावलं, पंच्यात बांधलं आणि वर पाटा ठेवला. पिळून काढलेल्या पट्ट्या तापलेल्या कढईत तेल-लसणावर फक्त परतल्या, शिजवल्या नाहीत. मऊ, पण दाताला लागणाऱ्या. सॉस टोमॅटो आणि लाल भोपळा वाटून; भोपळ्यानेच तो दाट झाला, मैद्याची गरजच नाही. मी वाटी चाटूनपुसून संपवली.

"पास?" मी विचारलं.

"तुमच्या मताला किंमत नाही. तुम्ही सगळंच खाता."

घरातला गव्हाचा कण न् कण त्यांनी बाहेर काढला होता. पिठाचा डबा आमच्याकडे आला, त्यांच्याकडे नवी कढई, नवे झारे आले. माधवी मदतीला गेली आणि फोडणीत हिंग टाकायला लागली, तर बाईंनी तिचा हात वरच्यावर धरला. "डबी वाचलीत? हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात!" माधवीने घरी येऊन आधी आमची हिंगाची डबी वाचली.

वाढदिवसाच्या सकाळी मी बाईंना एक विनंती केली. "बाई, एवढंच करा. पोरांना दुधी आहे हे सांगू नका. दुधी ऐकला तर कुणी हात लावणार नाही."

"म्हणजे खोटं लेबल लावू?"

"लेबलच लावू नका."

"त्या पोरीला आयुष्यभर विचारावं लागणार आहे, यात काय आहे म्हणून. आज मीच लपवू?"



संध्याकाळी सायलीच्या हॉलमध्ये पोरं गोलात बसली. ईरा मधोमध. बाई एक भलंमोठं पातेलं घेऊन आल्या. झाकण काढलं, लसणाचा वास घुमला, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हा पास्ता दुधीचा आहे. सॉस भोपळ्याचा आहे. यात गहू अजिबात नाही. सगळ्यांना एकाच पातेल्यातून मिळेल."

एक पोरगा म्हणाला, "ई, दुधी!" सायलीने डोळे मिटून घेतले.

ईराने मात्र पातेल्याकडे बघितलं, मग आईकडे. "मम्मा, मी यातलंच घेऊ? सगळ्यांचंच?"

"घे ना."

तिने काट्याला पट्ट्या गुंडाळल्या, अगदी इतर पोरं गुंडाळतात तशा, आणि तोंडात कोंबल्या. सॉस हनुवटीवर आला. "भारी आहे यार," भरल्या तोंडाने ती म्हणाली. "तुम्हाला नको तर मीच खाते सगळा. माझाच बड्डे आहे."

झालं. पातेलं संपेल म्हटल्यावर पोरांना धीर कुठला! ज्याने 'ई' केलं होतं, त्याने तीनदा घेतलं. कुणाचा सॉस शर्टावर, कुणाचा शेजारच्याच्या शर्टावर. ईराच्या ताटातून तिची मैत्रीण खात होती आणि मैत्रिणीच्या ताटातून ईरा. सायली ते बघत दाराशी उभी होती आणि हसता हसता पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीला डोळे पुसत होती. मी तर टाळ्याच वाजवल्या.

बाईंचं अभिनंदन करायला मी स्वयंपाकघरात गेलो. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. धुतलेला झारा पुन्हा पुन्हा धूत होत्या.

"बाई, जिंकलात की! आता कसली भीती?"

"मिठाची," त्या म्हणाल्या. "अहो, आई गेल्यापासून मी एका माणसाचाच स्वयंपाक करतेय. एवढ्या जणांना मीठ किती लागतं, मला माहितीच नव्हतं. सकाळपासून दहादा चाखून बघितलं."

मी काही बोलणार तेवढ्यात ईरा आत आली. तिने बाईंचा ओला हात धरला आणि ओढला. "आजी, तुम्ही कुठे राहिलात? मी तुमच्यासाठी जागा धरलीये."

"अगं, मी नंतर..."

"नंतर संपेल!"

बाई गेल्या. गुडघे धरत, कुरकुरत, पोरांच्या गोलात खाली बसल्या. कुणीतरी त्यांच्या मांडीवर पाय टाकला, कुणीतरी पाण्याचा ग्लास लवंडला. पोरांना न्यायला एकेकाचे आईबाप येऊन गेले, तरी बाई तिथेच बसून होत्या. सायलीने विचारलं, "उठायला मदत करू का?"

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "बरं वाटतंय."