शिंगटे मास्तरांचं अकरा वाक्यांचं भाषण

सुतकातल्या माणसाला ‘हाच शब्द का?’ असं विचारणारा महाराष्ट्रात एकच इसम असेल, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या वर्गावर मराठी शिकवायचा. शाळेच्या शिपायाचे वडील वारले. तो रडत सांगायला आला, “मास्तर, आबा गेलं.” शिंगटे मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “गेलं म्हणालास. वारलं का न्हाई म्हणालास? हाच शब्द का?” शिपाई रडायचा थांबला. त्या अर्थी सांत्वन यशस्वी झालं.

मी साताऱ्याहून तासगावजवळच्या या हायस्कुलात गणित शिकवायला आलो. बदली ही शिक्षा आहे असा मला संशय होता. मास्तर भेटल्यावर खात्री झाली. ते दरवर्षी दहावीचं पुस्तक मिटून एक भाषण शिकवायचे. बेचाळीसच्या चळवळीत कुणी एक भूमिगत पुढारी मास्तरांच्या गोठ्यामागे वीसतीस माणसांपुढे बोलला होता. शाळकरी मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं. एकूण वाक्यं अकरा. जगाच्या इतिहासात या भाषणाची नोंद नाही, आणि मास्तरांच्या मते हा जगाचा दोष होता. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “अभ्यासक्रम कुठवर आला?” मास्तर म्हणाले, “सातव्या वाक्यापत्तूर.”

फळ्यावर चार शब्द असायचे: शीव, गल्ली, उंबरा, चूल.

“बघा रं. गडी शिवेपासनं सुरू करतोय. मग गल्ली, मग उंबरा, आन् शेवटाला चूल. एकदा तरी देश म्हणतोय? बलिदान म्हणतोय? न्हाई. हेच शब्द का? मोठा शब्द ऐकला की माणूस टाळ्या वाजवून घरला जातंय. ह्यानं लढाईच घरात आणून ठिवली. आता पळशीला कुठं?”

भिंतीपलीकडून हे ऐकताना माझं गणित दोनदा चुकलं. ते मी कुणाला कळू दिलं नाही.

पुढे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली आणि गावाला देशभक्तीची उबळ आली. चावडीपुढे दगड बसवून त्यावर भाषणातलं शेवटचं वाक्य कोरायचं ठरलं: ‘ज्या चुलीनं आम्हाला जगवलं, तिच्यापुढं माझं डोकं टेकलं आहे.’ समितीत मास्तर आणि मीही होतो; अध्यक्ष साखर कारखान्याचे चेअरमन. दुसरं कोण असणार?

“आवं मास्तर, दगडावर चूल?” चेअरमन म्हणाले. “मंत्री येणार हायत. भाकरी थापायला बोलावलंय व्हय त्यास्नी? भूमी घाला. लय भारी वाटतंय.”

“भूमीवर सगळीच डोकं टेकत्यात,” मास्तर म्हणाले. “चुलीम्होरं कोण टेकतंय?”

तासभर ते एकाच शब्दासाठी भांडले. शेवटी आवाज चिरकला. आम्हाला वाटलं, खोड आहे मास्तरांची. मत घ्यायची वेळ आली तेव्हा चहा निवत चालला होता. मी भूमीच्या बाजूने हात वर केला.

मास्तर रागावले नाहीत. “चला, जेवायला,” म्हणून मला घरी घेऊन गेले. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. अक्का परसात गेली तेव्हा ते हळू आवाजात बोलले.

“ही माहेरपणाला आलेली तवा. गोठ्यात लपलेल्या माणसांस्नी महिनाभर हिनं भाकरी घातली. सासरी कळलं. परक्या पुरुषांस्नी रांधून घालणारी नगं म्हणाले. न्यायला आलंच न्हाईत. धरपकड चाललेली, नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून भाषणात त्यो पुढारी चूल म्हणाला. एवढा एक शब्द हाय बघा तिच्यासाठी.”

“मग सभेत का नाही सांगितलंत?”

“शपथ घातलीया. टाकलेली बाई म्हणून चावडीवर नाव नगं म्हणती.”

मास्तरांनी लग्न का केलं नाही यावर स्टाफरूममध्ये आम्ही पुष्कळ विनोद केले होते. त्यातले बरेचसे माझे होते.

अक्का आत आली. माझ्या ताटात भाकरी वाढत तिनं विचारलं, “काय ठरलं रं?”

“चूलच ठिवली, अक्का,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चेअरमनकडे गेलो. मजकूर पाथरवटाकडे गेला होता. “आता ऱ्हाऊ द्या की गुरुजी,” ते म्हणाले. मी अजून भांडायला हवं होतं. भांडलो नाही.

उद्घाटनाला मंत्र्यांनी भूमीवर पाऊण तास भाषण केलं. गर्दी पांगल्यावर अक्का दगडाजवळ आली. धुवट लुगडं नेसली होती. मास्तर पाठ फिरवून लांब उभे राहिले.

“आवं गुरुजी, मला वाचाय येत न्हाई,” ती म्हणाली. “ह्यातली चूल कुठली?”

मी तिचं बोट धरलं आणि ‘भूमीनं’वर ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरून दोनदा हात फिरवला, मग डोक्यावरचा पदर सारखा केला.

“चांगलं कोरलंय,” ती म्हणाली.